मालनने घातलेलं गाऱ्हाणं

घाटकोपरच्या भटवाडीत, डोंगराला चिकटून जी कोकणातल्या माणसांची घरं आहेत, तिथे मालन परब हे नाव घेतलं की लोक आधी हसतात आणि मग जरा सावरून बसतात. बाई तोंडाची फटकळ. पाण्याचा टँकर आपल्या दारात अडवून ठेवणाऱ्या एका पुढाऱ्याच्या माणसाला तिने भर रस्त्यात त्याच्या आईचा पत्ता विचारला होता. "तिला जाऊन सांगून येते, काय रत्न जन्माला घातलंस ते!" अशी ही बाई. आणि याच बाईने मागच्या वर्षी सलग तीन महिने अख्ख्या गल्लीला खोटं सांगितलं, तेही हसतमुखाने. त्या खोट्याचा तिला अजून राग येतो.

मालन मूळची कुडाळकडची. लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्यांची गिरणी कधीच बंद पडली होती आणि लालबागची खोली विकून घर डोंगरावर आलं होतं. नवरा दत्ताराम लिफ्टच्या दुरुस्तीची कामं करायचा. सहा वर्षांपूर्वी एका दुपारी त्याच्या छातीत कळ आली. रिक्षा डोंगरावर चढेना, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी मेडिकलचं दुकान चालवणाऱ्या रामनाथने आपली गाडी काढली, दत्तारामला उचलून तिच्यात घातलं आणि इस्पितळात नेलं. दत्ताराम वाचला नाही. पण रामनाथ शेवटपर्यंत थांबला, सगळे कागद त्यानेच केले. मालन हे विसरली नव्हती. तिला विसरताच येत नव्हतं, हीच तर पंचाईत होती.

रामनाथ त्यांच्याच गावचा. गावच्या मुंबईतल्या मंडळाचा अध्यक्ष. कुणाला ताप येवो, कुणाला रक्त लागो, लोक आधी त्याच्याकडे धावायचे. माणूस मऊ बोलणारा, बायकांना वैनी म्हणणारा, म्हाताऱ्यांच्या पाया पडणारा. आणि हाच माणूस दुकानाच्या मागच्या खिडकीतून पोरांना खोकल्याचं औषध विकायचा. ज्यांना आयुष्यात कधी खोकला झाला नाही अशा पोरांना.

मालनला हे फार उशिरा कळलं, आणि याबद्दल ती स्वतःला आजही माफ करत नाही. दत्ताराम गेल्यावर ती डोंगराच्या पायथ्याच्या शाळेत सेविका म्हणून लागली होती. मुलांची मावशी. नववी-दहावीच्या मुलांच्या संडासात पाण्याच्या टाकीमागे तिला तपकिरी बाटल्या सापडायच्या. चिकट, रिकाम्या, झाकण हरवलेल्या. तिने मुख्याध्यापकांना दाखवल्या. ते म्हणाले, "मावशी, कचऱ्यात टाका आणि कुठे बोलू नका, शाळेचं नाव खराब होतं." तिने टाकल्या. वर्षभर टाकत राहिली. रोज सकाळी फिनाईलच्या बादलीबरोबर दोन-तीन बाटल्या उचलायच्या आणि कचऱ्याच्या पिशवीत घालून गाठ मारायची. ती गाठ मारत होती तेव्हा तिचा स्वतःचा मुलगा घरात तीच बाटली रिकामी करत होता.

देवेश तेव्हा बावीस वर्षांचा. एसी बसवण्या-दुरुस्तीचं काम शिकलेला, हाताला चांगला. अलीकडे तो चहात पाच-पाच चमचे साखर घालू लागला होता. दिवसभर नाक खाजवायचा. जेवायला बसला की ताटावरच पेंगायचा, आणि मालन म्हणायची, दमतो पोर, उन्हात गच्चीवर काम करतो. मग त्याचं काम सुटलं. एका रविवारी सकाळी तो सार्वजनिक नळाच्या पायऱ्यांवर उघड्या डोळ्यांनी बसलेला सापडला. ओठ निळसर पडले होते आणि हाका मारल्या तरी मान हलत नव्हती. खिशात तीच बाटली. मालनने ती बाटली ओळखली. वर्षभर रोज उचललेली वस्तू माणूस ओळखणार नाही तर काय?

त्या औषधात अफूच्या जातीचं द्रव्य असतं, हे तिला इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. चमचाभर घेतलं तर खोकला थांबतो, बाटलीभर घेतलं तर मेंदू झोपतो, आणि एक दिवस श्वास घ्यायचंच विसरतो. चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही. आणि ते कुठून आणायचा, हे शुद्धीवर आल्यावर देवेशने सांगितलं: रामनाथच्या मागच्या खिडकीतून. हे ऐकताना मालनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. देवेशला तीन महिन्यांसाठी व्यसनमुक्ती केंद्रात ठेवायचं ठरलं.

आणि इथे तिने ती चूक केली. गल्लीत परत आली, शेजारणीने विचारलं, "देवेश खंय गो दिसत नाय?" आणि फटकळ तोंडाची मालन म्हणाली, "गावाक गेलो. आजयेकडे."

शेजारीण लगेच मान डोलावून आत गेली. एक प्रश्न नाही. सप्टेंबर महिना, गणपती होऊन गेलेले, शेतीचं काम या पोराने जन्मात केलेलं नाही, आजीला जाऊन चार वर्षं झाली, आणि हे सगळं त्या शेजारणीला माहीत. तरी तिने काही विचारलं नाही. तेव्हा मालनच्या लक्षात आलं की त्या वर्षी या गल्लीतून गावाला गेलेला देवेश हा काही पहिला मुलगा नव्हता. वरच्या आळीतला एक गेला होता. पिंपळाजवळचे दोघे भाऊ गेले होते. एकजण तर गावाला जाऊन परत आलाच नाही, त्याचं तेरावंही गावीच केलं असं सांगितलं गेलं. गावात घरांना कुलपं आणि मुंबईची सगळी पोरं गावाला! सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. एकमेकांचं खोटं एकमेकांनी जपून ठेवलं होतं, आणि त्या जपणुकीवर रामनाथचं दुकान मजेत चाललं होतं.

देवेश डिसेंबरच्या सुरुवातीला घरी आला. अंगावर थोडं मांस चढलं होतं, डोळे माणसात आले होते. मालनने भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक फुली मारायला सुरुवात केली. केंद्रातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "सर्वांत मोठा धोका त्याच गल्लीत आहे." गल्ली बदलायची तर जायचं कुठे? म्हणून ती आधी रामनाथकडे गेली. या बाईने हात जोडले, ही साधी गोष्ट नव्हे.

"रामनाथ, माझ्या पोराला देऊ नको. बाकी मी काही मागत नाही."

रामनाथने तिच्यासाठी चहा मागवला. "वैनी, कोणी तरी तुमचे कान भरलेत. मी चिठ्ठीशिवाय तापाची गोळी देत नाही. देवेश मला माझ्या पोरासारखा." मग हळूच म्हणाला, "दत्ताराम असता तर त्याला तुमचं हे बोलणं आवडलं असतं का?"

मेलेल्या नवऱ्याचं नाव त्याने असं पुढे केलं. मालन चहा न पिता उठली.

मग ती लवूकाकांकडे गेली. लवूकाका मंडळातले सर्वांत वयस्कर, गावच्या गावकाराच्या घराण्यातले. पूजेला, लग्नाला, कुठल्याही शुभकार्याला देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. त्यांनी सगळं ऐकलं, पानाला चुना लावला आणि म्हणाले, "मालन, माका म्हायत नाय काय? पण आपल्या माणसाचा नाव चव्हाट्यार आणूचा नाय. गावाचा नाव जाता." म्हणजे पोरं गेली तर चालतील.

सव्वीस जानेवारीला मंडळाची वार्षिक सत्यनारायणाची पूजा असते. सुट्टीचा दिवस, त्यामुळे सगळे येतात. मालन शाळेतलं झेंडावंदन उरकून, पांढऱ्या साडीवरचा तिरंगी बिल्ला तसाच ठेवून, अकराच्या सुमारास मंडळाच्या हॉलमध्ये पोचली. देवेश आधीच आला होता, दाराशी पाण्याचे जग भरत होता. सकाळी तिने कॅलेंडरवर एकावन्नावी फुली मारली होती. पूजेला यंदा यजमान म्हणून बसला होता रामनाथ. सोवळं नेसलेला, कपाळाला गंध, शेजारी बायको शालू नेसून. मालनने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला हसू आलं, ते चांगलं हसू नव्हतं.

पूजा झाली, कथा झाली. मग लवूकाका उठले. मंडळाचं मोठं गाऱ्हाणं त्यांनी घातलं. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको, पण दुसऱ्याला सांगावं लागेल. गाऱ्हाणं म्हणजे देवाशी मोठ्याने, सगळ्यांच्या देखत बोलणं. म्हातारा एकेक मागणं मागत जातो, आणि प्रत्येक मागण्याच्या शेवटी जमलेली माणसं एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" ऐकत असोत की नसोत, ते शब्द तोंडातून आपोआप निघतात. मोठं गाऱ्हाणं झाल्यावर ज्याचं त्याचं. ज्याला काही मागायचं असेल त्याने नारळ ठेवायचा, काकांच्या कानात सांगायचं, आणि काकांनी ते देवाला सांगायचं.

कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाची नोकरी, कुणाचा गुडघा. आठ-दहा नारळ झाल्यावर मालनने आपला नारळ ठेवला आणि काकांच्या कानाशी वाकली. "सांगा, की खोकल्याच्या औषधाने माझ्या मुलाचा घास घेतला होता. ते विकणाऱ्याचा हात धर आणि माझं पोर वाचव."

काकांनी एकदा रामनाथकडे पाहिलं, घसा खाकरला आणि सुरू केलं. "बा देवा म्हाराजा! ही तुझी लेक मालन तुझ्या पायाकडे इली आसा. तिच्या घरात काय इडापीडा आसात, काय कोणाची नजर लागली आसात, ती दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हॉल म्हणाला.

इडापीडा! नजर! माणसांसमोर खोटं बोलली होती ती, ते तिने मान्य केलं होतं. पण हा म्हातारा देवासमोर तिच्या नावाने खोटं बोलत होता, आणि शे-दीडशे माणसं त्याला होकार देत होती.

"काका, मी सांगलंय ता तुमी सांगलास नाय," ती मोठ्याने म्हणाली.

"मालन, बस खाली."

"नाय बसणार. माझा गाऱ्हाणां मीच घालतंय."

बाईमाणसाने गाऱ्हाणं घातल्याचं त्या हॉलमध्ये कुणी पाहिलेलं नव्हतं. कुजबुज सुरू झाली, पण मालनने नारळ हातात घेतला होता आणि तिचा शाळेच्या पटांगणात मुलांना दामटवणारा आवाज आधीच लागला होता.

"बा देवा म्हाराजा! गाव सोडून आमी ह्या डोंगरार इलो. पोटाक भाकरी मिळाली, डोक्यार छप्पर मिळाला, ही तुझीच कृपा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सवयीने सगळे म्हणाले.

"पण आता आमची पोरां एक एक करून गावाक जातत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" काही जणांचा सूर मधेच अडखळला.

"आमी म्हणतो गावाक गेली, आणि गावच्या घराक कुलूप आसा रे म्हाराजा!"

आता होकार विरळ झाला. मागे बसलेली दोन-तीन म्हातारी माणसं, ज्यांना नीट ऐकू येत नव्हतं, तेवढी म्हणाली.

"माझो झील देवेश तीन म्हयने गावाक नाय होतो. तो नशा सोडवच्या केंद्रात होतो. मी सगळ्यांक खोटा सांगलंय, माका माफ कर रे म्हाराजा! आणि जो हे औषध पोरांक इकता, जेच्या हातान हय चार घरांतले पोरगे गेले, तो आज सोवळा नेसान तुझ्या पूजेक बसलो आसा. तेचा नाव रामनाथ. तेका विचार रे म्हाराजा!"

या वेळी होकार आला नाही. लहान मुलांनासुद्धा कळलं की काही तरी झालं.

रामनाथ सावकाश उठला. "वैनी," तो म्हणाला, अगदी मऊ, "दुःखात माणूस काही बोलतं, मी मनाला लावून घेत नाही. पण देवाच्या दारात असा आरोप करताना पुरावा लागतो. आहे का तुमच्याकडे कोणी, हो म्हणणारं?"

मालनने सगळ्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. पिंपळाजवळच्या त्या दोघा भावांची आई बांगड्या मोजत बसली होती. जिने तेरावं गावी केलं असं सांगितलं, ती पदर तोंडात घालून भिंतीकडे बघत होती. शेजारची सुगंधा आपल्या चपला शोधत असल्यासारखी खाली पाहत होती. या बायकांनी तिच्या दारात बसून भाज्या निवडल्या होत्या. मालनला वाटलं, एकेकीला खांद्याला धरून गदागदा हलवावं.

"व्हय म्हाराजा."

आवाज दाराकडून आला. घोगरा, एकट्याचा. देवेश पाण्याचा जग खाली ठेवून उभा होता.

"मी आहे ना हो म्हणणारा," तो म्हणाला. "आज सकाळी साडेनऊला घेतली. मागच्या खिडकीतून. यानेच दिली, सोवळं नेसायच्या आधी." त्याने खिशातून तपकिरी बाटली काढली. अर्धी रिकामी.

मालनच्या कानात काही शिरेना. एकावन्न फुल्या. सकाळी तिने फुली मारली तेव्हा हा तिच्या मागे उभा राहून केस विंचरत होता. पहिल्यांदा तिला वाटलं, पुढे जाऊन याच्या कानाखाली आवाज काढावा. मग तिला दिसलं की त्याने ती बाटली दोन्ही हातांनी धरली आहे आणि तो तिच्याकडेच बघतो आहे, बाकी कुणाकडे नाही.

"बघितलंत?" रामनाथ सगळ्यांकडे वळून म्हणाला. "गर्दुल्ल्याचा शब्द. नशेत आहे आत्ता, देवाच्या दारात!"

आणि हॉल एकदम जागा झाला. "काढा रे याला बाहेर!" "पूजेत नशा करून येतो!" "आई तशी पोर!" रामनाथला कुणी काही विचारलं नाही. दोन तरुणांनी देवेशची कॉलर धरली. रामनाथचा पुतण्या ओजस बाटलीवर झेपावला, पण मालन त्याच्या आधी पोचली. तिने बाटली हिसकून आपल्या पिशवीत टाकली, कॉलरवरचे हात झटकले आणि म्हणाली, "हात लावून बघा परत. बाहेर आम्हीच जातोय." मागे लवूकाकांनी घाईघाईने आरती सुरू केली, आणि माणसं जीव खाऊन टाळ्या वाजवू लागली.

पायऱ्या उतरताना देवेश म्हणाला, "आई, सहा दिवस झाले परत सुरू होऊन. सांगणार होतो."

"तुझ्याशी मी नंतर बोलते," मालन म्हणाली. "आधी चौकीत चल."

"माझं नाव पण लिहितील."

"लिहू दे. मीच सांगणार लिहायला."

डोंगर उतरून दोघं रस्त्याला लागली तोच मागून धापा टाकत सुगंधा आली. तिने हाताला धरून आणलं होतं हितेशला, आपल्या थोरल्या मुलाला. सव्वीस वर्षांचा, बँकेत कामाला, गल्लीत ज्याचं उदाहरण द्यायचे तो. मालनने त्याच्याकडे नीट पाहिलं. तो नाक खाजवत होता.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"दोन वर्सा," सुगंधा म्हणाली. "मालन, तू केंद्राचो पत्तो दे. मी उद्याच नेतंय तेका."

"दोन वर्सा! आणि आता थंय, मी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत उभी होतंय, तेव्हा तुझ्या तोंडाक काय झाला?"

"भियालंय गो. आणि तेचा लगीन ठरला आसा. एप्रिलात. चौकीत मी येवचंय नाय. नाव नको घालूक तेचा, तुका हात जोडतंय."

मालनला आठवलं, साखरपुड्यात ती त्या मुलीला भेटली होती. भाविका तिचं नाव, भांडुपची, नर्सिंग शिकणारी. हसताना तोंडावर हात ठेवायची.

"त्या पोरीक सांगलंस?"

सुगंधाने पदर सारखा केला.

"उद्या तिच्या घरात हो ताटार पेंगतलो, तेव्हा तिनां काय समजाचा? दमलो? मी तसाच समजलंय, सुगंधा. वर्षभर." मालनचा आवाज चढला, रस्त्यावरची माणसं वळून बघू लागली. "पत्तो मी देतंय. पण तू नाय सांगलंस, तर त्या पोरीच्या दारात मी जातलंय."

उत्तराची वाट न बघता ती देवेशला घेऊन चौकीत शिरली. हवालदाराने बाटली उलटसुलट करून पाहिली, वही ओढली. "बाई, तुमच्याच मुलाचा जबाब घ्यावा लागेल. आणि एकट्याच्या बोलण्यावर हे दुकानदार सहज सुटतात, आधीच सांगतो. दुसरं कोणी आहे?"

मालनने मागे वळून पाहिलं नाही. दारात सुगंधा उभी आहे, हे तिला बांगड्यांच्या आवाजावरून कळत होतं, आणि आता तिला विनवायचं नाही असं तिने पक्कं ठरवलं होतं.

"देवेश दत्ताराम परब, वय तेवीस," ती म्हणाली. "लिहा."

हवालदाराने लिहिलं. मग हितेशने आईच्या हातातून आपला हात सोडवून घेतला, आत आला, आणि टेबलासमोर उभा राहून आपलं पूर्ण नाव सांगितलं. सुगंधा दारातच मटकन खाली बसली आणि मोठमोठ्याने रडू लागली. मालन तिच्याकडे गेली नाही. तिने हितेशसाठी खुर्ची पुढे ओढली.